एकवीस नंबरचं बटण

जर्मनीहून मशिनसोबत चाकणला आलेल्या पीसीला आपला नेहमीचा कीबोर्ड जोडला की पहिली अडचण लॉगिनलाच येते. पासवर्ड बरोबर, कॅप्स लॉक बंद, तरी सिस्टीम दाद देत नाही. चौकटीत नुसते ठिपके उमटतात. वायच्या जागी झेड आणि ॲट चिन्हाच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह पडतंय, हे कळणार कसं? तोच पासवर्ड हट्टानं मारत राहिलं की अकाउंट लॉक होतं आणि आयटीवाल्याला फोन जातो.

पिंपरी-चाकण पट्ट्याचं जर्मनीशी नातं जुनं आहे. केएसबीचे पंप पिंपरीत कधीपासून बनतात. मर्सिडीज १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी कारखान्यात जुळू लागली आणि २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनही तिथे आली.

लॉगिनच्या गोंधळाचं मूळ असं की कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून तो फक्त बटणाच्या जागेचा नंबर पाठवतो. त्या पीसीत टीच्या उजवीकडचं बटण दाबलं की २१ जाई. त्याला वाय म्हणायचं की झेड, हे पीसीतलं सेटिंग ठरवतं. बटणावरची छपाई फक्त माणसासाठी असते.

मग या दोन अक्षरांची अदलाबदल झालीच कशी? मूळ मांडणीची ढोबळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: मिलवॉकीचा शोल्स, रेमिंग्टन कंपनी, १८७४ मध्ये बाजारात आलेला टाइपरायटर. टाइपांचे दांडे अडकू नयेत म्हणून अक्षरं विखुरली, असं सांगतात. पण इंग्रजीत ई-आर ही जोडी सतत येते आणि ती अक्षरं तर शेजारीच बसली आहेत!

क्योटोच्या कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये वेगळंच सूत्र मांडलं. त्यांच्या मते मांडणीवर तार घेणाऱ्यांची छाप आहे. अमेरिकन मोर्समध्ये झेड म्हणजे तीन ठिपके, छोटी फट, एक ठिपका. एस म्हणजे तीन ठिपके, ई म्हणजे एक. ऐकणाऱ्याला झेड आला की एस-ई, ते पुढचं अक्षर येईपर्यंत कळत नसे. म्हणून ही तिन्ही अक्षरं हाताशी हवीत. विरोधक मधल्या ओळीतल्या डी-एफ-जी-एच-जे-के-एलकडे बोट दाखवतात: हा तर वर्णक्रमाचाच उरलेला सांगाडा, तारेचा संबंध काय? सांगाडा मान्य. पण शोल्सच्या १८७३ च्या मांडणीत झेड थेट एसच्या डावीकडे होता आणि ए खालच्या ओळीत. वर्णमालेतलं शेवटचं अक्षर तिथे वर्णक्रमानं पोहोचत नाही. माझं मत तारेच्या बाजूनं आहे.

जर्मनांना या तारेशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या भाषेत झेड पावलोपावली लागतो, वाय मुख्यतः परक्या शब्दांत. त्यांनी तोवर खालच्या कोपऱ्यात गेलेला झेड उचलून मधोमध आणला. टी-झेड ही जोडीही तिथे सर्रास येते. नव्या जागी टी डाव्या तर्जनीखाली आणि झेड उजव्या तर्जनीखाली आला. सोय बोटांची पाहिली, दांड्यांची नव्हे, असा माझा तर्क.

उपाय डॉसच्या काळापासून आहे: तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफवन दाबलं की अमेरिकन मांडणी परत येई. आता लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात डीईयू ही अक्षरं दिसतात का पाहा आणि विंडोज-स्पेसनं ईएनजी करा. तोही पर्याय नसेल तर ॲट चिन्हासाठी उजवा ऑल्ट आणि क्यू. शंका असेल तर मागे कुणी नाही हे बघून युजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाइप करा, काय उमटतं ते पाहा आणि पुसा. आत गेल्यावर रीजनमधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधून हे सेटिंग वेलकम स्क्रीनलाही कॉपी करा. लॉगिन स्क्रीन स्वतःचं सेटिंग वेगळं जपते. ते राहिलं तर पीसी रिस्टार्ट झाल्यावर पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर त्याच ठिपक्यांपुढे अडकेल.