लोकहिताच्या वकिलाचा खर्च कोणी सोसावा?



इतिहासाच्या व्याख्यानासाठी विजेच्या आणि दूरध्वनीच्या दरांचा विषय मी निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आधुनिक नागरिकाचा शासनसंस्थेशी रोजचा संबंध येतो तो दिवाणखान्यातील दिव्याच्या बटणाशी आणि महिन्याच्या बिलाशी. ते बिल ठरते कसे, ठरविताना कोणाचे ऐकले जाते, आणि ज्याचे ऐकायचे त्याला बोलण्याचे सामर्थ्य कोठून येते, हा लोकशाहीच्या इतिहासातील एक उपेक्षित पण महत्त्वाचा अध्याय आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात घडला. म्हणून आपल्याला तेथवर जावे लागेल.

1877 साली मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मान्य केले की, खासगी मालमत्ता एकदा लोकांच्या उपयोगासाठी राबविली जाऊ लागली की तिच्या दरांवर लोकांनी नियंत्रण ठेवण्यात अन्याय नाही. तो वाद धान्याच्या कोठारांचा होता. पुढे हेच तत्त्व रेल्वे, गॅस, वीज आणि दूरध्वनी यांना लागू झाले. 1907 साली विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी लोकोपयोगी सेवांसाठी नियामक आयोग नेमले. कॅलिफोर्नियात रेल्वे आयोगाकडे हे काम आले आणि 1946 साली त्याचेच नामकरण लोकोपयोगी सेवा आयोग असे झाले.

या आयोगांची कार्यपद्धती न्यायालयासारखी असे. कंपनी अर्ज करी, आपल्या खर्चाचे आणि भांडवलाचे आकडे मांडी, साक्षीदार उभे करी. आयोग वाजवी खर्च आणि भांडवलावरील वाजवी परतावा यांची बेरीज करून दर ठरवी. येथेच एक विसंगती दडलेली होती. कंपनीचे नामांकित वकील, हिशेबतपासनीस आणि अभियंते यांच्यावर होणारा खर्च हा सामान्यतः कारभाराचा वाजवी खर्च म्हणून दरातच धरला जाई. म्हणजे दरवाढ मागणाऱ्या वकिलाची फी शेवटी ग्राहकच भरत होता. दरवाढीला विरोध करणाऱ्याची फी मात्र कोणीच देत नव्हते.

ग्राहक एकेकटा का लढत नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, पन्नास लाख ग्राहकांच्या बिलात दरमहा दोन रुपये अवाजवी वाढले. कंपनीच्या दृष्टीने ती वर्षाला बारा कोटींची बाब झाली, आणि तिच्यासाठी लाखो रुपये खर्चणे तिला परवडते. एका ग्राहकाचे मात्र वर्षाला चोवीसच रुपये जातात. चोवीस रुपयांसाठी कोणी वकील करील काय? सर्वांचे मिळून मोठे आणि प्रत्येकाचे क्षुल्लक असे हे नुकसान असल्यामुळे त्याची दाद मागणे कोणाच्याच वाट्याचे काम राहत नाही.

पहिला प्रश्न होता तो सुनावणीत उभे राहण्याच्या हक्काचा. 1966 साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या परवान्यासंबंधीच्या प्रकरणात संघराज्यीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की, प्रेक्षकांच्या प्रतिनिधींनाही आयोगापुढे बाजू मांडण्याचा अधिकार आहे. कृष्णवर्णीयांना अन्याय्य वागणूक दिल्याचा आरोप त्या केंद्रावर होता, आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टची संस्था ते प्रकरण चालवीत होती. निकालपत्र लिहिणारे वॉरन बर्गर पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. दार उघडले खरे, पण आत जाण्यासाठी लागणारी शिदोरी कोणी द्यायची हा प्रश्न शिल्लक राहिला.

1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि इंधनाचे भाव भडकले. एकामागून एक दरवाढीचे अर्ज येऊ लागले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत सिल्व्हिया सीगल या बाईंनी टर्न नावाची ग्राहकसंघटना उभी केली. त्या स्वतः वकील नव्हत्या. पण दरपत्रकातील आकडे वाचण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. जीवनावश्यक प्रमाणातील वीज व गॅस स्वस्त दराने मिळावा या मागणीसाठी त्यांनी जोर लावला आणि 1975 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा केला. परंतु दरवर्षी उभ्या राहणाऱ्या प्रचंड सुनावण्या देणग्यांवर चालविणे ही तारेवरची कसरत होती.

1975 च्या मे महिन्यात एक मोठा धक्का बसला. अलास्काच्या तेलवाहिनीसंबंधीच्या अल्येस्का खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, लोकहितासाठी लढणाऱ्याला प्रतिपक्षाकडून वकिलाचा खर्च देवविण्याचा अधिकार संघराज्यीय न्यायालयांना आपण होऊन नाही. तो हवा असेल तर कायदेमंडळाने द्यावा. त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्यात एक उपकारक गोष्ट दिसते. प्रश्न न्यायाधीशांच्या सदिच्छेवरून उठून लोकप्रतिनिधींच्या सभागृहात गेला आणि तेथे त्याची उघड चर्चा होऊ शकली.

त्याचे फळ 1978 च्या नोव्हेंबरात दिसले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या लोकोपयोगी सेवा नियमन धोरण कायद्यात अशी तरतूद आली की, ग्राहकाच्या मांडणीमुळे आयोगाच्या निर्णयाला भरीव हातभार लागला असेल, तर वकील व तज्ज्ञ साक्षीदार यांचा वाजवी खर्च वीज कंपनीने द्यावा. मात्र राज्याने ग्राहकांच्या प्रतिनिधित्वाची अन्य पुरेशी सोय केली असल्यास ही जबाबदारी राहणार नाही. पुढल्याच वर्षी, 1979 साली, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक सूक्ष्म भेद केला. ग्राहकांना जादा घेतलेली रक्कम परत मिळवून देणाऱ्या न्यायसदृश प्रकरणात आयोग वकिलाचा खर्च देववू शकतो. पण दर ठरविणे हे कायदे करण्यासारखे काम आहे, तेथे विधिमंडळाच्या अनुमतीविना तसे करता येणार नाही. टर्नची मागणी या दुसऱ्या प्रकारात मोडत असल्याने ती फेटाळली गेली.

अखेर 1984 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 1985 च्या आरंभी तो अमलात आला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण गाभा कायम राहिला. संस्थेने प्राथमिक बैठकीनंतर 30 दिवसांच्या आत आपण भरपाई मागणार असल्याची सूचना द्यावी. सहभागाच्या खर्चाच्या मानाने आपल्या सभासदांचे वैयक्तिक आर्थिक हित अल्प आहे, हे दाखवावे. अंतिम आदेशानंतर 60 दिवसांत हिशेब सादर करावा. आयोगाने 75 दिवसांत निर्णय द्यावा. मंजूर रक्कम कंपनीने 30 दिवसांत भरावी आणि ती दरांतून वसूल करावी. आपल्या मांडणीने निर्णयात काय भर पडली, हे सिद्ध केल्याखेरीज पैसा नाही. दुसऱ्याने मांडलेलेच पुन्हा मांडले असेल तर रक्कम कापली जाते. मघाशी सांगितलेले चोवीस रुपयांचे गणितच या कायद्याने शब्दांत बांधले, असे म्हणता येईल.

या इतिहासातील एक उपकथा आपल्या गुजरातशी नाते सांगणारी आहे. बिलाच्या पाकिटात कंपनी आपले वार्तापत्र घालून ग्राहकांना पाठवीत असे. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने ठरविले की, टपालखर्च न वाढता पाकिटात उरणारी जागा ग्राहकांच्या मालकीची आहे. म्हणून वर्षातून चार वेळा टर्नला तिच्यात आपले पत्रक घालू द्यावे. 1986 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा आदेश रद्द केला. कंपनीला न पटणारे विचार तिने वाहून न्यावेत अशी सक्ती करणे हा तिच्या वाक्‌स्वातंत्र्याचा भंग ठरतो, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1992 साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिळताजुळता प्रश्न आला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राचे प्रा. मनुभाई शाह यांनी आयुर्विमा महामंडळाच्या कारभारावर टीका केली होती. महामंडळाने तिला दिलेले उत्तर आपल्या नियतकालिकात छापले, पण शाह यांचे प्रत्युत्तर छापण्याचे नाकारले. न्यायालयाने ते छापण्याचा गुजरात उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. दोन्ही निकालांत फरक आहे, कारण आपले महामंडळ शासनाचे आणि तेथील कंपनी खासगी. तरीही लोकांच्या पैशावर चालणाऱ्या व्यासपीठावर एकाच बाजूने बोलावे काय, हा मूळ प्रश्न एकच होता. आणि मला आपल्या न्यायालयाचे उत्तर अधिक समाधानकारक वाटते.

भारतात नियामक आयोगांची परंपरा तरुण आहे. ओरिसाने 1995 साली कायदा करून पहिला मार्ग दाखविला. 1998 साली केंद्राचा कायदा झाला आणि राज्याराज्यांत आयोग आले. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 नुसार दरांचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कलम 94 च्या तिसऱ्या पोटकलमाने ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची मुभा आयोगाला दिली. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या संस्थांना असे स्थान मिळाले. याच प्रयासने 1990 च्या दशकात दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार आकड्यांनिशी तपासून लोकांपुढे ठेवला होता. परंतु त्या कलमात प्रतिनिधीच्या खर्चाविषयी एक अक्षरही नाही. खुर्ची दिली, खुर्चीवर बसणाऱ्याने चरितार्थ कसा चालवावा, ते सांगितले नाही.

या व्यवस्थेवरील आक्षेप मी टाळू इच्छित नाही. पहिला आक्षेप असा की, ग्राहकांचे हित पाहण्यास आयोगाचा कर्मचारीवर्ग आहेच, मग वेगळी संस्था कशाला? त्याचे उत्तर असे की, सर्व ग्राहक एका हिताचे नसतात. कारखानदार, शेतकरी आणि दोन खोल्यांत राहणारे कुटुंब यांच्यात भार कसा वाटायचा, यावरच खरा झगडा असतो, आणि तेथे एक सरकारी आवाज पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा काम झाल्यानंतर मिळतो. म्हणून दीर्घकाळ थांबू शकणाऱ्या मुरलेल्या संस्थांनाच तो पचतो. कॅलिफोर्नियातही आयोगाकडून 75 दिवसांची मुदत अनेकदा पाळली गेली नाही, असे राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2013 साली नोंदविले. तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. ज्या आयोगाने बिल मंजूर करायचे, त्यावर कठोर टीका कोण करील? हे भय निराधार नाही, आणि त्यावर उपाय एकच: निकष कायद्यात स्पष्ट हवेत आणि प्रत्येक मंजुरी कारणांसह प्रसिद्ध व्हावी.

या नगरीतील श्रोत्यांना शेवटची गोष्ट फार समजावून सांगण्याची गरज नाही. 1906 साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ते मोफतही केले. फी मागून सक्ती केली असती, तर गरिबाच्या मुलाला शाळेचे दार दिसले असते, वर्ग दिसला नसता. सुनावणीच्या हक्काचेही तसेच आहे. हरकती मागविणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्यांवर अभ्यासपूर्वक उत्तर देण्यास हिशेब समजणारा माणूस, वेळ आणि पैसा लागतो. तो पैसा ग्राहकांच्याच बिलातून, काटेकोर हिशेबाने, काम सिद्ध झाल्यावर द्यावा, असा मार्ग एका राज्याने दाखवून दिला आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत. यापुढे दरवाढीची जाहिरात दृष्टीस पडेल तेव्हा त्यांनी ती केवळ उलटून टाकू नये. अर्जाची प्रत मागवावी, आकडे तपासावेत, लेखी हरकत नोंदवावी, आणि त्या हरकतीच्या शेवटी हा खर्चाचा प्रश्नही आयोगापुढे विनयाने पण ठामपणे उपस्थित करावा, एवढीच माझी विनंती आहे.