तळटीप : तारप्याचे ध्वनिमुद्रण

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरचा तारपा, म्हणजे वाळवलेला भोपळा, मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असलेले फुंकवाद्य, अखंड वाजतो, कारण वादक गालांत साठवलेली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो. मूळ मजकुरात त्याच्या ध्वनिमुद्रणांची तुलना संगीतकार वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांच्या संगीताशी केली आहे. ती अर्धीच पटते. पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेल्या भाटियांचे ‘अंकुर’ (१९७४) हा चित्रपट आणि ‘तमस’ ही दूरचित्रवाणी मालिका यांचे संगीत ध्वनिपट्टीवर राहिले, तर मैफलीच्या रचना आणि गिरीश कार्नाडांच्या नाटकावर आधारलेला ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा (गाऊन सादर होणारे नाट्य) स्वरलिपीत असल्याने ध्वनिमुद्रणावाचूनही पुन्हा उभे राहू शकतात. तारप्याला असा लेखी आधार नाही. शिवाय वादकाने चाल बदलली की भोवती फेर धरून नाचणाऱ्यांची पावले बदलतात, त्यामुळे नुसता आवाज टिपला, आणि तोही भातकापणीचा हंगाम सोडून बंद स्टुडिओत, तर निम्मे संगीत बाहेरच राहते. अशा ध्वनिमुद्रणासोबत नाचाचे चित्रीकरण, आणि वेष्टनांवर सहसा ‘पारंपरिक’ या शब्दाआड दडणारे वादकाचे व पाड्याचे नाव, नोंदवलेच पाहिजे.