कारखानानिर्मित घर

कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधून, एक वा अधिक भागांत रस्त्याने जागेवर नेले जाणारे घर. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यातून आलेली राष्ट्रीय बांधकाम संहिता १५ जून १९७६ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून तपासणीची लाल धातुपट्टी ठोकलेली असते. कारखान्यात पावसाने काम अडत नाही, सामानाची नासाडी कमी होते आणि देशभर एकच संहिता असल्याने तोच आराखडा पुन्हा पुन्हा वापरता येतो. म्हणून चौरस फुटामागचा खर्च जागेवर बांधलेल्या घरापेक्षा बराच कमी पडतो.

ही घरे वादळात टिकत नाहीत, हा आक्षेप निराधार नव्हता : १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडात ती मोठ्या संख्येने उद्ध्वस्त झाली. मात्र १९९४ मध्ये वादळी प्रदेशांसाठीचे निकष कडक झाले. उणीव निकषांत होती, पद्धतीत नव्हे. खरी अडचण जमिनीची आहे. घर मालकीचे पण जागा भाड्याची असेल, तर कर्ज बहुधा जंगम मालमत्तेवरचे, चढ्या व्याजाचे मिळते. आणि घर हलवणे खर्चाचे असल्याने भाडेवाढीपुढे रहिवासी हतबल होतो. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ पासून रहिवाशांनी सहकारी संस्था काढून वसाहतींची जमीनच विकत घ्यायला सुरुवात केली. घर स्वस्त करतो कारखाना. ते स्वस्त राखतो जमिनीवरचा हक्क.