खिंडींचे पंचांग

जम्मूच्या डोगरा राज्याचे सेनापती जोरावरसिंग १८४१ मध्ये लडाखमधून पश्चिम तिबेटवर चालून गेले. रुदोक, गारतोक घेत ते तकलाकोटपर्यंत पोचले. मात्र हिवाळा आला, मागच्या खिंडी बर्फाने बुजल्या आणि रसद तुटली. उबेसाठी सैनिकांनी बंदुकांचे दस्ते जाळले, अशी नोंद अलेक्झांडर कनिंगहॅमने केली आहे. डिसेंबरात जोरावरसिंग धारातीर्थी पडले.

१९४८ साली जनरल थिमय्यांनी हेच गणित आधी मांडले. हिवाळ्यापूर्वी झोजी ला हाती आली नसती, तर लेहची रस्त्याची वाट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुटलेलीच राहिली असती. १ नोव्हेंबरला त्यांनी सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील त्या खिंडीत रणगाडे नेले. महिनाअखेरीपूर्वी लेहची वाट मोकळी झाली.

नागरी प्रशासनाला मात्र हे गणित अजून जड जाते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला उजाडते. मंजुऱ्या आणि निविदा उरकेपर्यंत अर्धा उन्हाळा सरतो. खिंड बंद राहण्याचा काळ अलीकडे बराच घटला आहे, तरी हिवाळ्याचा साठा आधीच पोचवावा लागतो. दिल्लीतील फाइलीला ही घाई पटवणे हे एक स्वतंत्र गिर्यारोहणच आहे.

२४ मे १९४८ रोजी मेहरसिंगांनी लेहला पहिले विमान उतरविले. श्रीनगरहून रस्त्याने जाणारा कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर, मुक्काम करतो. शरीर हळूहळू सरावते. दिल्लीहून विमानाने गेलेल्याला ही सवलत नाही. म्हणून दौऱ्याचे पहिले दोन दिवस मी बैठकांविना ठेवतो. त्या दोन दिवसांचा दैनिक भत्ता कशाबद्दल, असा शेरा लेखा शाखेकडून एकदा आला होता.