शरदातील डोंगर आणि आपण स्त्रिया

भगिनींनो, आपल्याकडे हिंडण्याफिरण्याचा खरा काळ म्हणजे शरद ऋतू. आश्विन लागला की पाऊस ओसरतो, आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते, ओढ्यांना पाणी असते पण पूर नसतो. सह्याद्रीच्या पठारांवर सोनकीची पिवळी फुले दाटतात आणि गवत अजून वाळलेले नसते. चैत्र-वैशाखात जो डोंगर नुसता पाहूनही घशाला कोरड पडते, तोच आता हिरवागार होऊन बोलावू लागतो. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी जाणली होती, म्हणूनच घराबाहेर पडण्याचे किती तरी सण त्यांनी याच दोन महिन्यांत घातले. मात्र त्या सणांत बाहेर कोण पडत असे आणि मागे कोण राहत असे, हे आपण स्त्रियांनी एकदा नीट पाहावयास हवे.

दसऱ्याचे सीमोल्लंघन घ्या. मराठेशाहीत पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या मुहूर्तावर फौजा मोहिमेला निघत. घरोघरचे पुरुषही गावाची शीव ओलांडून आपट्याची पाने घेऊन येत. स्त्रिया काय करीत? निरांजन लावून उंबरठ्याशी उभ्या राहत. सीमा ओलांडणाऱ्याला ओवाळणे, एवढाच त्यांच्या वाट्याचा पराक्रम!

तरीही स्त्री डोंगरावर गेलीच नाही, असे नव्हे. ती देवीच्या निमित्ताने गेली. आपल्या कितीएक देवी उंच डोंगरावर बसलेल्या आहेत, आणि नवरात्रात त्यांच्या दर्शनास जावयाचे म्हटल्यावर कोणताही सासरा 'नको' म्हणत नसे. वणीच्या सप्तशृंगीचेच पाहा. तेथील जुन्या पायऱ्यांशी उमाबाई दाभाडे यांचे नाव जोडले जाते. या जवळच्याच अभोण्याच्या ठोके घराण्यातील. पती खंडेराव दाभाडे यांच्या मागे, शाहू महाराजांच्या काळात, त्यांनी सेनापती दाभाड्यांच्या घराण्याचा कारभार सांभाळला. रणांगण जाणणाऱ्या या बाईंचे नाव लोकांनी बायाबापड्यांच्या पायांखालच्या पायऱ्यांशी जोडून ठेवावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

कार्तिकातील आवळीभोजन ही तर उघडउघड सहलच. गावाबाहेर रानात जावे, आवळीच्या झाडाची पूजा करावी आणि तिच्या सावलीत पंगत मांडावी. पण तेथेही दगडांची चूल कोण मांडी? जेवण झाल्यावर ओढ्यावर भांडी कोण घाशी? सहल सगळ्यांची, पण तिचे श्रम मात्र एकीचे, असाच तो प्रकार होता.

ज्या स्त्रियांचे पोटच डोंगरावर होते, त्यांची गोष्ट तर निराळीच. हिरकणीची आख्यायिका आपणांस पाठ आहे. रायगडावर दूध घालावयास गेलेली गवळण, सूर्यास्ताला मिटलेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि सरळ कडा उतरून गेलेली ती माता. कोणी तो दिवस कोजागिरीचा सांगतात. कथा म्हणून ती ऐकावी, पण तिच्यातील एक गोष्ट सत्यच मानावी. गडावरच्या लोकांचे दूधदुभते, गवत, लाकूडफाटा पायथ्याच्या बायाच डोक्यावर वाहत असत. त्यांना डोंगर चढण्याचे कौतुक नव्हते आणि विसावाही नव्हता.

सकाळी निघून दिवेलागणीला परत, अशी आपल्या परिचयाची सहल शक्य झाली ती आगगाडीमुळे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे! हे काम घेतलेले इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात येताच थोड्याच आठवड्यांत वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट स्वतःच्या शिरावर घेतले आणि जाणत्या अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन काम तडीस नेले. त्या घाटात हजारो मजूर राबत होते. त्यांत माती-दगडांच्या पाट्या वाहणाऱ्या आपल्या मजूर भगिनीही होत्या. त्यांची नावे मात्र कोठे लिहिलेली नाहीत. पुढे १९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. पावसाळ्यात ती घाटातून वर जात नाही, पाऊस सरला की पुन्हा चालू होते. या गाड्यांनी मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना खंडाळा, लोणावळा, माथेरान जवळ आणले. नवस नाही, व्रत नाही, नुसती हवा खावयास आणि डोंगर पाहावयास जाणे हे स्त्रीच्याही आवाक्यात हळूहळू आले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. अकोले व इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवरचे, सुमारे ५,४०० फुटांचे. माथ्यावर देवीचे इवलेसे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे पायथ्याच्या गावांतील माणसे गर्दी करतात. कठीण जागी आता लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्याही वर जातात. ही देवी कोण? १८८४ सालच्या अहमदनगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) गॅझेटियरमध्ये तिची लोककथा नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्यांची मुलगी, तिला हिंडण्याची आवड. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस ठीक चालले. मग एके दिवशी घरातील कोणी तरी तिला तेच काम सांगितले. तिने ते निमूटपणे केले, आणि लगेच डोंगर चढून गेली. ती पुन्हा खाली आली नाही. जेथे तिने भांडी घासली ती जागा लोक 'थाळेमेळ' या नावाने दाखवीत.

पाहा, केवढी गंमत आहे! या मुलीने राक्षस मारला नाही की कोणता चमत्कार केला नाही. तिने एक साधी अट घातली आणि ती मोडताच चालती झाली. तिला कोणी हट्टी म्हणून विसरले नाही. उलट सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर नेऊन बसविले. घरकाम हलके आहे असे मुळीच नाही. पण बाईमाणसाला वर्षातून काही घटका तरी त्यापासून मोकळीक हवी, हे आपल्या साध्याभोळ्या गावकऱ्यांना कळले होते असे या कथेवरून वाटते.

म्हणून मंडळातील भगिनींना एकच विनंती. शरदातली सहल ठरवितेवेळी ठिकाण कोणते आणि मोटारीचे भाडे किती, एवढाच विचार करू नये. आदल्या रात्री बारापर्यंत शंभर पोळ्या लाटून पहाटे डोळे चोळत गाडीत बसणारी भगिनी डोंगर पाहणार तरी कशी? त्या दिवशी शिदोरी पायथ्याच्या गावातील बायांकडून रास्त दाम देऊन घ्यावी. चार पैसे त्यांना मिळतील, आणि पिठले-भाकरी आपणांस आयती मिळेल. आपल्यामागे घरचा स्वयंपाक घरातील पुरुषमंडळींनी व मुलांनी करावा. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी सप्तशृंगीला ट्रॉली आणि रायगडाला रोपवे आहे, तेव्हा तीही सबब उरलेली नाही.

सीमोल्लंघन म्हणजे शेवटी काय? आपली शीव आपण ओलांडणे. ओवाळणे आपण पुष्कळ केले आहे, आता निरांजन थोडा वेळ दुसऱ्याच्या हाती देण्यास हरकत नाही.