नारूचा शेवट

ज्यावर औषध नाही आणि लसही नाही, असा एक रोग भारतातून समूळ नाहीसा झाला, ही गोष्ट ऐकणारास प्रथम नवलाचीच वाटेल. तो रोग म्हणजे नारू. राजस्थानापासून तमिळनाडूपर्यंत सात राज्यांतील खेड्यांत त्याचे ठाणे होते आणि त्यांत महाराष्ट्रही होता.

नारू हा सुतासारखा जंत. त्याची मादी कधी कधी दोन हात लांब भरे. दूषित पाणी प्यायल्यापासून सुमारे वर्षाने ती बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावे. रोगी तिला काडीवर गुंडाळून रोज थोडथोडी ओढून काढी. मध्येच तुटली तर पाय सुजे, पिके, आणि घरचा कर्ता मनुष्य ऐन कामाच्या दिवसांत अंथरुणास खिळे.

फोडाची आग असह्य झाली की रोगी पायविहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसे. त्याच वेळी मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडी. ज्या पाण्याने एकाचा दाह शमे, तेच पाणी पुढील वर्षी साऱ्या गावास भोवे. या अळ्या सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको याने 1870 च्या सुमारास मध्य आशियात शोधून काढले.

रोगाचे मर्म असे कळले. परंतु भारतात देशव्यापी मोहीम निघावयास 1983-84 साल उजाडले. त्या सुमारास देशात सुमारे 40 हजार रोगी होते. पायविहिरींत लोकांचे उतरणे बंद केले, हातपंप बसविले, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लोप्स मारले, पाणी फडक्यातून गाळण्यास शिकविले आणि घरोघर रोगी शोधले. जोधपूर जिल्ह्यात जुलै 1996 मध्ये अखेरचा रोगी आढळला. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ पहारा ठेवल्यानंतर, 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

1986 साली जगात नारूचे सुमारे 35 लक्ष रोगी असावेत असा अंदाज होता. 2023 साली केवळ 14 माणसे आढळली. तथापि आफ्रिकेतील चाड देशात कुत्र्यांनाही हा जंत होतो असे दिसून आल्याने तेथील काम अवघड झाले आहे. भारतात जे साधले ते गावाच्या पाण्याची नीट व्यवस्था लावल्याने साधले. गरिबाच्या घागरीत स्वच्छ पाणी पडावे, एवढीच या रोगाची मागणी होती; ती पुरी होण्यास मात्र मर्म कळल्यापासून शंभराहून अधिक वर्षे लागली.