जंगलातली राजधानी आणि जमिनीखालची आग

बोर्निओतल्या दायाक लोकांना बांजारमासीनचा कारभार नको होता, वेगळा प्रांत हवा होता. १९५७ ला तो मिळाला. कहायान नदीकाठी, पाहांदुत गावाजवळच्या घनदाट वर्षावनात राजधानी ठरली, पालांगकाराया. १७ जुलैला खुद्द सुकार्नोंनी पहिला खांब रोवला. रस्त्यासाठी रशियन इंजिनिअर आले. दायाक नेते चिलिक रिवुत गव्हर्नर झाले. आपला माणूस, आपलं शहर!

पण १९९५ ला सुहार्तोंनी जाकार्तात बसून हुकूम काढला : इथल्या दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवा. हजारो वर्षांच्या कुजलेल्या पाल्याची ती जमीन. कालवे खणले, पाणी निथळलं, जमीन वाळली. भात काही पिकला नाही, १९९७ ला आग मात्र लागली. ती जमिनीखाली धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. २०१५ ला शहरात भरदुपारी पिवळा अंधार.

आता देशाची नवी राजधानी त्याच बेटावर, पूर्वेला बांधताहेत.